मागं राहिलेली पारू

पार्वतीबाई गजभिये गेल्या त्या दिवशी वारा बिजलीघराकडून होता आणि कोराडीच्या त्या वस्तीत दोऱ्यांवर कपडे तसेच वाळत राहिले. एरवी बाई ओट्यावर येऊन ओरडल्या असत्या, "राख येऊन राहिली वं, कपडे काढा!" चिमणीचा धूर पाहून वारा कुठं वळेल ते त्यांना आधी कळायचं. चाळीस वर्षं वस्तीतल्या बायका त्यांच्या हाकेवर कपडे काढत आल्या होत्या. त्या दिवशी हाक नव्हती. अंत्ययात्रेला निघालेल्या बायकांच्या पदरांवर बारीक राख बसली होती, पण ती झटकायचं कोणाला सुचलं नाही.

त्यांना पांढरी साडी नेसवली ती मेघानं, त्यांच्या लेकीनं. साडी कोरी होती. सहा वर्षांपूर्वी मेघानंच सीताबर्डीवरून आणलेली, पेटीच्या तळाशी कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेली, घडीसुद्धा न मोडलेली. निऱ्या घालताना मेघाचे हात थांबले. शेजारणीला वाटलं, लेक आहे, होणारच. हात कशानं थांबले ते एकट्या मेघाला ठाऊक होतं.

सहा वर्षांपूर्वी विहारातल्या महिला मंडळानं ठरवलं, की छप्पन सालच्या धम्मदीक्षेला जे स्वतः हजर होते अशा म्हाताऱ्या माणसांचा शाल देऊन सत्कार करायचा. अशी माणसं आता राहिली किती? पार्वतीबाई सात वर्षांच्या असताना बापाच्या खांद्यावर बसून त्या मैदानावर गेल्या होत्या, ही गजभियांच्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट. मेघाचे वडील देवराव असेपर्यंत ती चारचौघांत छाती काढून सांगत. मेघानं ती शाळेतल्या निबंधात लिहिली होती. धाकट्या भावाच्या, अंकुशच्या हाती असतं तर त्यानं ती स्वतःच्या लग्नपत्रिकेतही छापली असती. मेघानं मोठ्या हौसेनं मंडळात मायचं नाव दिलं, साडी आणली. आणि कार्यक्रमाच्या सकाळी पार्वतीबाई कोणाला न सांगता काटोलच्या बसमध्ये बसून भावाकडे निघून गेल्या.

मंचावर खुर्ची रिकामी. मंडळाच्या बायका दर पाच मिनिटांनी विचारत, "आल्या का वं तुझ्या आई?" शेवटी मेघानं फोन लावला. मायनं उचलल्याबरोबर मेघाच्या तोंडून निघून गेलं, "तुले आमची इज्जत ठेवताच येत नाही. आम्ही शिकलो, पण तू खेड्याची ते खेड्याचीच राहिली!"

पलीकडून मायनं विचारलं, "तू जेवली का वं?"

एवढंच. पुढं मायलेकी भेटत राहिल्या, सणाला डबे इकडून तिकडे जात राहिले, पण त्या फोनचा विषय दोघींनीही काढला नाही. मेघाला माफी मागायची होती. दिवाळीला मागू, भाची खुशीच्या वाढदिवसाला मागू, असं करता करता सहा वर्षं सरली आणि माय झोपेतच गेली.

आता रविवारी विहारात पुण्यानुमोदन होतं. भंतेजी वंदना घेणार, मग घरातलं कोणी तरी उभं राहून गेलेल्या माणसाचा जीवन परिचय वाचणार.

"ताई, तू लिही," अंकुश म्हणाला. "तू बी.ए. मराठी. आन् छप्पनचं जरा मस्त रंगवून लिही. फ्लेक्सवर तेच टाकलं आहे."

फ्लेक्स छापून आलाही होता. मायचा हसरा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत, '१९५६ च्या ऐतिहासिक धम्मदीक्षेच्या साक्षीदार'.

मेघा कागद घेऊन बसली. बाकी आयुष्य भराभर उतरत गेलं. काटोलकडच्या खेड्यातला जन्म. दहाव्या वर्षापासून संत्र्याच्या बाजारात निवडायचं काम. डोळे मिटूनसुद्धा फळ हातात घेतलं की आतून पोचट आहे का भरलेलं ते पारू सांगायची म्हणे. सतराव्या वर्षी देवरावांशी लग्न, कोराडीत ठेकेदाराकडे त्यांचं काम, टिनाची खोली. मग अंगणवाडीत मदतनीस म्हणून बावीस वर्षं. त्या बावीस वर्षांत खिचडीच्या पातेल्याची खरड कधी घरी आली नाही. ती ज्या पोराच्या घरी चूल पेटली नसेल त्याच्या डब्यात जायची, आणि कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे बाईंना धुरावरूनच कळायचं. मेघाच्या कॉलेजच्या वेळी मायच्या सासरची माणसं म्हणाली, पोरीले कायले शिकवता? तेव्हा पार्वतीबाई म्हणाल्या होत्या, "माह्याकडून राहिलं ते तिच्याकडून नाही राहू देत मी." मेघाला वाटायचं, माय शाळेबद्दल बोलते.

छप्पनपाशी येऊन पेन थांबलं. रंगवायचं तर रंग हवा ना? माय त्या दिवसाबद्दल स्वतःहून कधी एक शब्द बोलली नव्हती. सांगायचे ते वडीलच. आणखी एक गोष्ट मेघाला आता खटकली. दर दसऱ्याला कोराडीच्या बायका दीक्षाभूमीच्या रस्त्यावर पाणी वाटायला उभ्या राहत. माय सकाळपासून अंधार पडेपर्यंत ग्लास भरायची. बाकीच्या आळीपाळीनं आत दर्शन घेऊन येत. माय म्हणे, "गर्दी हटली का जाईन." दसऱ्याच्या दिवशी ती गर्दी कधी हटते?

केशवमामा दोन दिवसांपासून काटोलवरून येऊन राहिले होते. मायपेक्षा दोन वर्षांनी मोठे, अठ्ठ्याहत्तरचे. मेघा कागद घेऊन त्यांच्या खाटेजवळ बसली. अंकुशची नववीतली खुशी मोबाइल घेऊन समोर.

"मामा, छप्पनचं सांगा ना. मायनं काय पाहिलं, काय खाल्लं, सगळं."

"पहिले चहा सांग. आन् साखर टाकजो म्हना. तुही भावजय मले शुगरवाला समजून राहिली."

"तुम्हाले शुगर आहेच ना, मामा."

"म्हनून काय कडू प्यावं मी?" मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काय लिवतं त्याच्यात? होती म्हनून लिव. झालं."

"एका ओळीत कसं होईल?"

"लोक गेले, दीक्षा घेतली, वापस आले. आनखी काय?"

खुशीनं मोबाइल पुढं केला. "आजोबा, एवढं तर सांगा. आजी पणजोबांच्या कोणत्या खांद्यावर बसली होती? डाव्या की उजव्या?"

चहा आला, तो मामांनी खाली ठेवला.

"ते बंद कर पहिले," ते म्हणाले. खुशीनं मोबाइल उलटा ठेवला. "खांद्यावर मी होतो, पोरी."

मेघाला वाटलं, म्हातारपणी गोंधळ होतो. "तुम्ही तेव्हा नऊ वर्षांचे, मामा."

"नऊ वर्साचा घोडा. रडून राहिलो होतो म्हनून बानं खांद्यावर घेतलं. पारी आलीच नव्हती."

मग त्यांनी सांगितलं ते असं. सगळा मोहल्ला नागपूरला निघाला होता. पायी दीड दिवस जायला, एक दिवस तिथं, दीड यायला. आजी, म्हणजे बापाची आई, खाटेला खिळलेली; तिच्याजवळ कोणी तरी राहणं भाग होतं. आधी ठरलं केशवनं राहायचं, तो मोठा. पारूसाठी आईनं आपलं जुनं पांढरं लुगडं फाडून झगा शिवायला घेतला. कापड एकाच लेकराचं होतं. केशवनं तीन दिवस रडून घर डोक्यावर घेतलं, जेवण टाकलं. शेवटी आईनं अर्धा शिवलेला झगा उसवला आणि त्याचा सदरा केला.

"पारी काही बोलली नाही. बाहीचा दोरा मायनं उसवला तर पारीनं तो गुंडाळून ठेवला, कामी येईन म्हनून. सात वर्साची पोरगी, मेघे. चार दिवस त्या बुढीपाशी एकटी राहिली. मोहल्ल्यात बिमार अन् म्हातारे तेवढे उरले होते. हे पोरगी घरोघरी जाऊन सगळ्याईले पानी देऊन राहिली होती. आमी वापस आलो त बानं आंगनात उभं राहून मागं राहिलेल्याईले त्रिशरण सांगितलं. पारीनं बी म्हटलं. मळक्या परकरात. दीक्षा तिची तेथंच झाली, आंगनात."

"मग बाबा जे सांगायचे ते?"

"जवायानं लग्नात विचारलं, तुमच्या घरचे गेले होते का? हाव म्हटलं. खोटं नव्हतं ते. पुढं त्याईनं वाढवत नेलं. बिचारा खुश होऊन सांगे, तिच्यानं त्याचं मन मोडवलं नाही."

मेघानं कागद मांडीवर पालथा घातला. "आणि सत्काराच्या दिवशी?"

"माह्या घरी आली. म्हने, दादा, बाबासाहेबाच्या फोटोसमोर उभं राहून खोटी शाल नाही घेता येत मले. मी म्हटलं, मंग खरं सांगून टाक. त म्हने, सांगितलं त तुह्यं नाव येईन. पोरं तुले बोल लावतीन. तू लहान होता." मामांचा आवाज बारीक झाला. "मी लहान होतो म्हने. तिच्याहून दोन वर्सानं मोठा मी."

मग ते म्हणाले, "तुहा फोन आला तवा मी बाजूलेच बसलो होतो."

मेघानं पेनाला टोपण लावलं.

"फोन ठेवला आन् मले म्हने, पोरीचं बरोबर आहे, दादा. चार लोकाईत तिची पंचाईत झाली."

मेघा उठून मागच्या अंगणात गेली. खुशी मागोमाग निघाली, तर मामांनी तिला हातानंच थांबवलं.

अंकुशला कळलं तेव्हा तो भडकलाच. "हे वाचणार तू? विहारात? मायची इज्जत काढून राहिली का, ताई? पाचशे लोक येतील. फ्लेक्स लागला आहे!"

"ती स्वतः तिथं उभी राहिली नाही, अंकुश. पळून गेली, माझं बोलणं खाल्लं, पण उभी राहिली नाही. आता ती नाही म्हणून आपण तिले उभं करायचं?"

"आन् मामा? मामाले लोक काय म्हणतील?"

हा प्रश्न मेघालाही पडला होता. मायनं जे आयुष्यभर झाकलं ते उघडं करायचा तिला काय हक्क? ती मामांकडे गेली. मामा म्हणाले, "वाच. माह्यं नाव घेऊन वाच. तिनं नऊ वर्साच्या पोराले सांभाळलं, ते ठीक होतं. आता मी बुढा झालो." अंकुश मात्र ऐकेना. "तुले जे करायचं ते कर," म्हणाला आणि दार लोटून बाहेर गेला.

रविवारी विहार भरला होता. वंदना झाली. मेघा उभी राहिली तेव्हा अंकुश शेवटच्या ओळीत चपलांजवळ बसलेला दिसला, मान खाली घालून. मागं फ्लेक्सवर माय हसत होती.

तिनं वाचायला सुरुवात केली. संत्री, टिनाची खोली, खिचडी. छप्पनपाशी आली तेव्हा तिनं जरा श्वास घेतला आणि वाचलं, "माझी माय त्या दिवशी तिथं नव्हती." कुजबुज झाली. ती वाचत राहिली. लुगडं, सदरा, चार दिवस. मामा पहिल्या ओळीत ताठ बसले होते, जणू नाव पुकारलं की उठायचं आहे. मग फोनवर आपण काय बोललो तेही तिनं वाचलं, शब्द न बदलता. 'खेड्याची ते खेड्याचीच' म्हणताना आवाज फुटला. ती थांबली, आणि परत पहिल्यापासून ते वाक्य वाचलं, कारण ते पुसट जाऊ द्यायचं नव्हतं.

संपलं तेव्हा भंतेजींनी डोळे मिटून घेतले होते.

नंतर लोक जेवायला उठले तेव्हा एक वाकलेली म्हातारी काठी टेकत मेघाजवळ आली. वस्तीतल्याच पुष्पलताबाई, मायच्या बरोबरीच्या.

"मी बी नव्हती गेली वं," ती हळूच म्हणाली. "माह्या घरी म्हैस व्यायची होती. बाप म्हने, तू राह्य."

मेघाला आठवलं. त्या सत्कारात पुष्पलताबाईंनी शाल घेतली होती.

"हाव, घेतली," मेघाच्या नजरेतलं ओळखून बाई म्हणाल्या. "नाही म्हनता नाही आलं. सुनेनं नाव दिलं होतं. तुह्या मायले माहीत होतं. एकदा थंडीत ते शाल घेऊन बसली होती मी ओट्यावर, त जवळ आली, हात लावून पाहिला, म्हने, गरम आहे ना? मंग घे. थंडी लय आहे." बाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "कोनाले बोलली नाही. मलेही नाही बोलली."

मेघाला हसू आलं आणि त्याच्याच मागून रडू. तिनं पुष्पलताबाईंचा हात धरला. माफी तर राहूनच गेली होती. आता ती ऐकायला माय नव्हती, आणि असती तर तिनं जेवण झालं का तेच विचारलं असतं.

दुपार कलली तशी मांडव रिकामा झाला. अंकुश खुर्चीवर चढून फ्लेक्सच्या दोऱ्या सोडत होता. मेघानं खालचं टोक धरलं.

"मले तरी सांगायचं होतं ना तिनं," तो म्हणाला. "मी काय मामाले बोललो असतो?"

दोघांनाही माहीत होतं, तो बोलला असता.

अंकुश घडी घालू लागला, तर मधली मोड बरोबर मायच्या चेहऱ्यावरून जात होती. तो थांबला. मग दोघं खाली सतरंजीवर बसली आणि एका टोकापासून, हळूहळू, फ्लेक्स गुंडाळू लागली.