विहीणबाईंच्या आधी माझा नंबर

तोंड आवरलं नाही म्हणून माणसाची फजिती होते, हे तुम्ही ऐकलं असेल. माझी झाली ती तोंड मिटलेलं असताना! मी आपली गुपचूप चहा गाळत होते, आणि माझंच तोंड मागच्या खोलीत बडबडत होतं. ऐका तर खरं.

माझी नात पल्लवी. आमच्या यावलच्या घरात मागच्या खोलीत तिने सुटे भाग जमवून एक कॉम्प्युटर उभा केला. साधासुधा नाही हं, लिनक्स म्हणे. युनिक्सच्या घराण्यातला! म्हटलं, चला, घराणं तरी बघून आणला.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा फैजपूरहून विहीणबाईही आल्या होत्या, म्हणजे पल्लवीच्या आईची आई. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं मुंग्यांसारखी वर वर पळाली, थांबली, आणि आतून आवाज आला, "ऊठ गं माझी बाय. यावलच्या आजीला नमस्कार कर आणि कामाला लाग."

आवाज कुणाचा? विहीणबाईंचा! पल्लवीने आधीच भरून ठेवलेला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पोटात मात्र हिरव्या मिरचीचा ठेचा. घर माझं, खोली माझी, विजेचं बिल माझ्या लेकाचं. आणि नमस्कार? तो माझाच, पण हुकूम हिचा! मला नमस्कार करायला फैजपूरहून परवानगी यावी?

पाहुणे जाताच मी पल्लवीला गाठलं. "हे काय वं? मी काय मेली?"

"अगं आजी, हे यंत्र उठतं तेव्हा कोरं असतं. आपल्याकडे काय काय आहे, याला काही ठाऊक नसतं. मग मी लिहून ठेवलेल्या सूचना ते नंबरवार वाचतं. आधी डिस्क तपास, मग स्पीकर जोड, मग नेट लाव. एकीचं काम संपलं की पुढची."

यात न कळण्यासारखं काय आहे? आधी सडा, मग रांगोळी. रांगोळीवर सडा टाकणारी सून कुणी पाहिलीय का?

"विहीणबाईंचा नंबर कितवा?"

"शेवटचा. सगळं झाल्यावर."

"मग माझा पहिला लाव."

"पहिला डिस्कचा असतो, आजी."

"डिस्क काय तुझी आजी आहे?"

शेवटी तोड निघाली. स्पीकर जोडला की लगेच मी. नेटसुद्धा माझ्या मागे! पल्लवीने पडद्यावर एक लाल टिकली दाखवली. "इथे दाब, बोल, परत दाब. चुकलं तर पुन्हा बोल, आधीचं पुसलं जातं." मी म्हटलं, "पल्लवी, ऊठ." झालं.

पण झोप येईना हो. 'पल्लवी, ऊठ' एवढंच? विहीणबाईंचं तर चांगलं लांबलचक! मला अक्षर वाचता येत नाही, पण एकदा पाहिलेलं मी विसरत नाही. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. दाबली टिकली. आणि बोलले. जरा मोकळं बोलले.

कुणाला पत्ता लागला नाही. कारण हे यंत्र एकदा उठलं की महिनोन् महिने झोपतच नाही.

पुढे पल्लवीला पुण्याला मुलाखतीला बोलावलं. तिचं सगळं काम याच यंत्रात. तिथे बसून इथलं उघडायचं आणि साहेबांना दाखवायचं, असा बेत. त्याच सकाळी विहीणबाई बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, घेऊन आल्या. लेक-सून केळीच्या बागेत. मी त्यांना चहा दिला, माझा गाळत होते, आणि लाइट गेली. लगेच आलीही. यंत्र आपोआप उठलं.

"पल्लवे, ऊठ! मी तुझी खरी आजी बोलते. फैजपूरवाली नव्हे."

विहीणबाईंची बशी ओठापाशीच थांबली. मी पळत गेले आणि बटण दाबून यंत्र गपकन बंद केलं.

तेवढ्यात फोन. "आजी, यंत्र का लागत नाही? मला आता आत बोलावतील! चालू कर!"

चालू केलं. मुंग्या पळाल्या. "पल्लवे, ऊठ! मी तुझी खरी आजी..."

पल्लवीला फोनवर ऐकू गेलं. "आजी! हे तू कधी बोललीस?"

"बोलले थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"लग्नापासून."

"कुणाच्या?"

"तुझ्या आईच्या."

"अगं देवा! आजी, बंद करू नकोस. बंद केलंस की पहिल्यापासून सुरू होईल. तुझं बोलणं संपल्याशिवाय नेट लागणार नाही!"

"स्पीकरची वायर ओढू का?"

"एकही वायर ओढू नकोस! चुकून दुसरी ओढलीस तर माझी नोकरी गेली!"

सांगा आता, काय करायचं? हात बटणावर, विहीणबाई दारात, नातीची नोकरी पुण्यात. मी हात काढून घेतला.

"विहीणबाई, ओट्यावर बसू चला, वारा आहे."

"राहू द्या अक्का," त्यांनी पाट ओढला. "इथं चांगलं ऐकू येतं."

आणि मी भरभरून बोललेली! लग्नात मले दिलेली साडी पहिल्या धुण्यात मच्छरदाणी झाली. त्यांच्या भरतात वांगं शोधायले डुबकी मारा लागते. त्यांचे बिबडे तर दात पाडायलेच केलेले. आणि समोर त्याच बिबड्यांचा डबा! डाळ शिजून उतरली असती, पण मी काही उतरेना. स्वतःच्या आवाजाला हात जोडले मी, "संपव माय, संपव!"

विहीणबाई एकदाच बोलल्या. "साडीचं खरं आहे हो अक्का. दुकानदाराने मलेही फसवलं होतं."

शेवटी मी संपले. मुंग्या पुन्हा पळाल्या, नेट लागलं, फोनवर पल्लवी ओरडली, "लागलं, लागलं!" मी सुटकेचा श्वास घेते न घेते, तोच स्पीकरमधून गोड आवाज आला:

"ऊठ गं माझी बाय. यावलच्या आजीला नमस्कार कर आणि कामाला लाग."

त्या क्षणी मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. विहीणबाई उठल्या, डबा माझ्या हातात दिला. "जपून खा हो. दात सांभाळून."

नोकरी लागली पोरीला. घरी आल्यावर तिने पहिलं काम केलं ते माझ्या सूचनेपुढे एक छोटीशी खूण लावायचं.

"आजी, तुझा नंबर तोच ठेवलाय. फक्त आता तू मागे बोलत राहशील आणि यंत्र न थांबता आपली कामं उरकेल."

म्हटलं, म्हणजे शिकलं म्हणायचं! घरातले सगळे इतकी वर्षं दुसरं काय करतात?

"आणि विहीणबाईंचं?"

"त्यांचं दोन वाक्यांचं आहे गं. तेवढं ऐकून घेतं ते."

बघा! मेलं यंत्रसुद्धा त्यांच्यासाठीच थांबतं!