तायडेबाईंचं इंजिन

तायडेबाई हातातल्या बांगड्या काढून टेबलावर ओळीनं ठेवू लागल्या, की आता एखादं यंत्र उघडलं जाणार हे आम्ही समजायचो. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात त्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या. शिक्षण दहावी. मी नवा रुजू झालो तेव्हा एका बंद मीटरला थापट्या मारत बसलो होतो. बाई मागून म्हणाल्या, "सर, मारू नका त्याले. काय दुखते ते इचारा आधी." आणि सैल झालेली तार दाखवून गेल्या.

एका माजी विद्यार्थ्यानं विभागाला रेल्वे इंजिनाचं मॉडेल भेट दिलं होतं. हातभर लांब, अंग सगळं धातूचं, मागे कोळशाचा डबा. अंगणात त्याचे रूळ गोल मांडले होते. रुळांतली वीज चाकांतून मोटारीला जायची. पण आमच्याकडची काळी धूळ! रुळांवर थर बसला की इंजिन अडायचं. बघायला आलेली शाळेची मुलं हसायची आणि बाई वाकून बोटानं इंजिन ढकलायच्या. शेवटी विभागप्रमुखांनी ते काचेच्या कपाटात ठेवायचं ठरवलं.

"काहून?" बाई उसळल्या. "रूळ मातीत हायेत, त रुळाले करंट काहून मांगता? इंजिनाले सोताचं पोट द्या!"

"भेटवस्तू आहे, बाई. बिघडली तर देणाऱ्याला काय सांगू?" प्रमुख म्हणाले. जबाबदारी माझी, असं मी बोलून बसलो. बाईंच्या निवृत्तीला तेव्हा तीन आठवडे उरले होते.

त्यांनी अकोल्याच्या एका दुकानातून रिमोट आणि रिसीव्हर आणला. चाकांकडून येणाऱ्या तारा कापल्या. बॅटरी कोळशाच्या डब्यात बसवली, रिसीव्हर इंजिनाच्या पोटात. पहिल्या चाचणीला इंजिन झोकात निघालं, पण दहा पावलांवर गेल्यावर रिमोट ऐकेनासं झालं, वळणावर रूळ सोडून पायरीवर आदळलं. प्रमुख व्हरांड्यातून बघत होते. "उद्या कपाट येतंय," एवढंच म्हणाले.

माझं तोंड उतरलं. बाई मात्र डबा खाता खाता थांबल्या. रिकामा स्टीलचा डबा पुसला, माझा फोन आत ठेवला, झाकण घट्ट लावलं आणि स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "लावा आता."

फोन लागेना.

"इंजिन बी डबाच हाय, सर. आत बसून त्या रिसीव्हरले आयकू कसं येईन?"

धातूच्या बंद डब्यात रेडिओ लहरी शिरत नाहीत, हे मी आठ वर्षं फळ्यावर शिकवत होतो!

बाईंनी रिसीव्हरची बारीक अँटेना ड्रायव्हरच्या खिडकीतून बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी कपाट टेम्पोतून उतरत होतं, तेव्हा इंजिन अंगणात धुळीतून फेऱ्या घालत होतं. एक, दोन, पाच, वीस. बाई दूर गच्चीवर उभ्या राहून रिमोट चालवत होत्या. प्रमुखांनी चष्मा पुसला, हसले आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "हे लायब्ररीत न्या. पुस्तकांना होईल."

मग बाईंना हुरूपच आला. "आता रुळाले करंट लागत नाई, त लाकडाचे बी चालतीन की!" सुताराकडून सागाच्या पट्ट्या आल्या. विद्यार्थ्यांनी विभागाच्या दारापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत लाईन टाकली.

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. मग भेटीतच आलेले सहा डबे ओढत इंजिन निघालं आणि त्याच्या मागून तायडेबाई. दोन्ही बाजूंना अख्खं कॉलेज टाळ्या वाजवत उभं होतं. प्राचार्यही वाटेतून बाजूला झाले. इंजिन कुठेही अडलं नाही. फाटकाशी बाईंनी ते अलगद थांबवलं. मोर्शीच्या बसला जायला ऑटो उभाच होता.

त्यांनी रिमोट माझ्या हातात ठेवला. "मी चालली. वापस तुमी न्या."

"मला जमेल, बाई?"

"काहून नाई? पीएचडी हाय ना तुमी!"

ऑटो वळेपर्यंत त्या मागे वळून हसत होत्या. मी कळ दाबली. सहाही डबे हलले.