मोटारीच्या छातीवरची गोम

आमच्या नव्या मोटारीला गोम होती.

घोड्याच्या अंगावर कधीकधी केसांची उलटी रेघ उमटते, तिला गोम म्हणतात. ती भलत्या जागी असली की घोडा धन्याच्या मुळावर येतो, असे जाणकार सांगतात. मोटारीला केस नसतात हे मलाही ठाऊक आहे. पण हे आमच्या आतोबांना सांगणार कोण? आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सारा जन्म धार संस्थानात घोडे पारखण्यात गेलेला. त्यांची लाडकी घोडी म्हातारी होऊन गेली, तेव्हा ‘आता दुसऱ्या घोड्यावर मन बसायचं नाही’ असे म्हणून त्यांनी मोटार आणली. आणि आणल्याबरोबर घोड्यासारखीच पारखायला घेतली!

मी मूळचा कऱ्हाडकडचा. इंग्रजी दुसरीत शाळेने मला सोडले (घरी मी उलटे सांगितले होते), आणि मुलुखापासून इतक्या लांब माळव्यात आत्याबाईंनी मला पोटच्या मुलासारखे सांभाळले. महूच्या एका मिस्त्रीच्या हाताखाली ठेवून मोटार चालवायला शिकवले, तेही त्यांनीच. ज्यांच्या ताटातले खायचे त्यांच्यापुढे ‘नाही’ हा शब्द माझ्या तोंडून निघत नसे. कधी निघालाच तर ‘हो’सारखा ऐकू येई.

त्यातून तो प्रसंग माझ्या लग्नाचा! देवासच्या बापूसाहेबांची मुलगी मला सांगून आली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला पाहायला निघणार होतो. माझ्यापाशी ना शिक्षण, ना जमीनजुमला. दाखवण्यासारखी वस्तू एकच, मोटार. आणि तीही आतोबांची! ‘मुलगा मोटार चालवतो’ एवढे ऐकूनच बापूसाहेबांनी ‘या’ म्हटले होते. त्यांनी ‘शिक्षण किती?’ असे विचारले की कारभार आटोपला! तेव्हा मोटार अशी झोकात त्यांच्या दारात उभी राहावी की हा प्रश्न त्यांना सुचूच नये, एवढेच मी देवीपाशी मागत होतो.

आणि नेमके त्याच संध्याकाळी आतोबांनी मोटारीची परीक्षा मांडली. आधी इंजिनावरचा टप उघडून दात पाहिल्यासारखे आत पाहिले. मग चाकाशी बसून ते खुरासारखे ठोकून बघितले. मागे जाताना लाथेच्या टप्प्याबाहेरून गेले (सवय!). पुढे आले आणि एकदम थबकले.

“दत्तू! हे काय आहे?”

मोटारीच्या पुढच्या अंगाला, पाण्याच्या टाकीखाली, लोखंडाची एक रिकामी चौकट होती.

“नंबराची पाटी लावायची चौकट, आतोबा. मुंबईकडं मोटारींना नंबर असतात.”

“कशाला?”

“कुणाची मोटार ते कळावं म्हणून.”

“धारेत ही मोटार कुणाची हे न कळणारा इसम मला दाखव!”

“पण देवासला...”

“देवासला? एका गावात दोन राज्यं! रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. तिथं नंबर लावायचा तर मोटारीला दोन छात्या हव्यात! ही चौकट नव्हे, दत्तू. ही गोम आहे. छातीवरची गोम!”

“बाई बाई!” आत्याबाई ओसरीवरून म्हणाल्या, “आता लोखंडाला गोम लावायची तेवढी इकडून राहिली होती!”

“तुम्हाला काय कळतंय? बापूसाहेब कोण आहेत? माझ्यासारखेच घोड्यांत जन्म काढलेले. त्यांच्या नजरेतून ही सुटायची नाही. म्हणतील, ज्यांना मोटारीची गोम दिसली नाही, त्यांनी मुलगा तरी काय पारखून आणलाय! काढ ती, दत्तू!”

मुलाची पारख हा विषय निघाल्यावर मी लगेच पाना आणला.

चौकट ज्या दोन बोल्टांवर होती, त्याच बोल्टांवर पाण्याची टाकीही बसवलेली होती. हे मला दिसले. दिसले म्हणून मी तोंड उघडले, आणि तोंडातून निघाले, “हो, आतोबा.”

बोल्ट हलेनात. आत्याबाईंनी तिळाचे तेल आणून दिले. आतोबा टपावर थोपटत मोटारीची समजूत घालू लागले, “हो, हो, बेटा! झालं, झालं! दुखायचं नाही!” मी सगळा जीव एकवटून पाना ओढला. बोल्ट सुटला, आणि मी घोडीच्या जुन्या डोणीत पाठमोरा जाऊन बसलो. डोणीत पाणी होते.

“बिथरली नाही हं!” आतोबा कौतुकाने म्हणाले. (मोटारीला!)

चौकट निघाली. “नजरेआड करा ती,” असे म्हणून आतोबांनी ती आत्याबाईंच्या हाती दिली आणि त्यांनी ती नजरेआड केली. मी बोल्ट परत बसवले, तर ते आवळूनही ढिले! चौकटीच्या जाडीइतके ते आता लांब पडत होते आणि टाकी म्हाताऱ्याच्या दातासारखी हलत होती. घरात होती नव्हती ती फडकी मी त्या फटीत कोंबली आणि झोपायला गेलो. झोप आली नाही, हे सांगायला नकोच.

सकाळी निघालो. मी चालवायला. शेजारी जरीचा फेटा बांधलेले आतोबा, उजव्या हातात चाबूक. (“मारायचा नाही रे, नुसता दाखवायचा!”) मागे आत्याबाई आणि त्यांच्याशेजारी लोणच्याची भलीमोठी बरणी. वाटेत पुरीबरोबर तोंडी लावायला म्हणून घेतलेले ते लोणचे एका पलटणीला वर्षभर पुरले असते.

इंदूर सुखरूप मागे पडले. पुढे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या लागल्या. दर गचक्याला पुढून ‘खळ्ळ’ आणि मागून ‘अगं बाई!’ असे आवाज येऊ लागले. क्षिप्रा नदी दिसायला लागली आणि टाकी एकदम डाव्या अंगाला कलली. रबरी नळी निसटली, फुस्सदिशी वाफेचा लोट उठला, आणि पाणी भळाभळा रस्त्यावर सांडून मोटार गप्प झाली.

समोरून एक गाडीवान येत होता. त्याने बैल थांबवले आणि मान वाकडी करून पाहिले.

“भिया, थांकी मोटर तो रोई री हे!”

“रडत नाही, घाम आलाय तिला!” आतोबा गरजले आणि उतरून टपावर थोपटायला गेले. टप तापलेला. तिथून त्यांनी जो हात मागे घेतला तो थेट तोंडात!

“आणखी दाखवा चाबूक!” आत्याबाई म्हणाल्या. “दत्तू, आता रे?”

“बोल्टात काहीतरी घालायला हवं, आत्याबाई. त्या चौकटीएवढ्या जाडीचं. नाहीतर टाकी उभी राहायची नाही.”

आतोबांनी जोडा काढून दिला. जाड झाला. चाबकाची मूठ घालून पाहिली. मोडली. गाडीवानाने बैलाच्या गळ्यातला पट्टा देऊ केला, पण त्याला बैल तयार होईना. ऊन चढत होते. तिकडे बापूसाहेब दारात उभे असतील, त्यांची मुलगी नवे लुगडे नेसून बसली असेल, आणि मी इथे नदीकाठी टाकीला मिठी मारून बसलेला! मला रडूच यायला लागले. मोटार आणि मी, दोघेही!

“एवढं होतंय तर ती चौकटच लावा की परत,” आत्याबाई म्हणाल्या.

“ती आता धारेहून कोण आणणार?”

“धारेहून कशाला? ही काय, बरणीखाली आहे.”

सगळे वळून बरणीकडे पाहू लागले. बैलसुद्धा.

“बरणी कलंडू नये म्हणून तिच्यात बसवली. अगदी मापाची निघाली बघ!”

“आणि इंदूरपासून खळखळ ऐकत होता, तरी बोलला नाहीत?” आतोबा म्हणाले.

“नजरेआड करायला सांगितलं होतं ना इकडून? मग? नजरेला आणू कशी?”

बरणी चौकटीतून उपसून काढली. ती कलंडली नव्हती हे खरे, पण गचक्यांनी झाकण उडून निम्मा खार बाहेर आला होता आणि चौकट तेलामसाल्यात नखशिखांत न्हाली होती. पुसणार कशाने? घरातली सगळी फडकी टाकीखाली होरपळली होती! तशीच लालभडक चौकट मी बोल्टांवर चढवली. टाकी ताठ उभी राहिली. निसटलेली नळी आत्याबाईंच्या वेणीत गुंफलेल्या अगवळाच्या दोऱ्याने बांधली, गाडीवानाने तांब्याने पाणी आणून ओतले, आणि मोटार सुरू झाली. मी त्याच्या पाया पडलो. तो घाबरून बैलांमागे लपला.

देवासची टेकडी दिसू लागली तसे आतोबा पुढे वाकून चौकट दिसते का ते पाहू लागले.

“दत्तू, गोम दिसणार रे.”

“हो, आतोबा.”

“शिवाय लाल.”

“हो, आतोबा.”

बापूसाहेब दारातच उभे होते. आमच्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. सरळ मोटारीसमोर आले, कमरेत वाकले, आणि छातीवरच्या चौकटीवर त्यांची नजर खिळली. आतोबांनी माफी मागण्यासाठी घसा खाकरला.

“वा!” बापूसाहेब ओरडले. “छातीवर देवमण! अहो, असा शुभ भोवरा हजार घोड्यांत एखाद्याला! आणि वर शेंदूर चढवलाय! याला म्हणतात जाणकार!”

आतोबांचा घसा खाकरायचा थांबला. हात आपोआप मिशीवर गेला.

“पारख आहे आपल्याला, बापूसाहेब! आमचा हा दत्तू म्हणत होता, काढून टाकू. मी म्हटलं, खबरदार!”

“काय म्हणता!” बापूसाहेबांनी प्रथमच माझ्याकडे पाहिले.

“हो,” मी म्हणालो. दुसरा शब्द येत होता कुठे?

“असू द्या, लहान आहे,” असे म्हणून बापूसाहेबांनी चौकटीवरचा ‘शेंदूर’ बोटाने घेतला, भक्तिभावाने कपाळी लावला, आणि आम्हाला आत नेले. आत्याबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

बैठकीवर बसलो. मुलगी सरबत देऊन आतल्या दाराशी उभी राहिली. बापूसाहेब माझ्याकडे वळले. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब जमू लागले होते.

“बरं का, बाकी सगळं ठीक. पण आपलं शि...”

आला प्रश्न! मी डोळे मिटले. 

“शि... शिक्ष... आई गं!”

डोळे उघडून पाहतो तो घामाबरोबर लोणच्याचा खार ओघळून बापूसाहेबांच्या दोन्ही डोळ्यांत उतरलेला! डोळ्यांना धारा लागलेल्या, तोंडातून शब्द फुटेना, आणि ते नुसता हात हलवताहेत. काही सेकंद कोणाला काही उमगले नाही. आत्याबाईंना मात्र सगळे उमगले. त्या ताडकन उठल्या.

“बापाचं काळीज हो! मुलगी परक्या घरी जाणार म्हणून भरून आलं बघा त्यांना! म्हणजे झालंच की हो नक्की! विहीणबाई, साखर आणा!”

विहीणबाईंनी नवऱ्याला असे रडताना कधी पाहिले नव्हते. त्यांनाही रडू कोसळले. आतोबांनी तर चाबकाची मोडकी मूठ छातीशी धरून हुंदका दिला! साखर आली. बापूसाहेब ‘पाणी, पाणी’ म्हणायला तोंड उघडतात तोच त्यात पहिली चिमूट पडली. एवढ्या गर्दीत पाण्याचा तांब्या घेऊन धावून आली ती एकटी मुलगी.

असे माझे लग्न ठरले. शिक्षणाचा प्रश्न अर्धाच राहिला, तो अजूनही अर्धाच आहे.

पुढे केव्हातरी मी बायकोला धीर करून विचारले, “वडिलांचे डोळे धुताना तुला काहीच कळलं नाही?”

“कळलं की. वास आला होता लोणच्याचा.”

“मग बोलली का नाहीस?”

“वासावरून लोणचं फार सुरेख वाटलं,” ती म्हणाली. “म्हटलं, मुलगा कच्चा असेना, त्या घरात त्याला मुरवणारं कुणीतरी आहे.”

तेव्हापासून दर वैशाखात आमच्या घरी लोणच्याच्या कैऱ्या मी फोडतो. मोटारीला पाना लावायला मात्र मला अजून कोणी बोलावत नाही.