उघडा ठेवायचा नळ

आमची पोस्ट लडाखमध्ये चौदा हजार फुटांवर होती. हिवाळ्यात तिथं एक हुकूम कायम असे. संध्याकाळी पाचला टाकीच्या खोलीतला मेन व्हॉल्व्ह बंद करायचा आणि बाहेर लंगरच्या, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या, भिंतीवरचा नळ उघडा ठेवायचा. तुम्ही म्हणाल, उघड्या नळाचा कसला हुकूम? तर ऐका. नळ उघडा असला की पाइपातलं पाणी वाहून जातं. बंद राहिला तर ते आतच गोठतं, फुगतं आणि लोखंड फोडतं.

त्या जानेवारीत मेन व्हॉल्व्ह बिघडला होता. कितीही पिळला तरी पाणी झिरपायचंच. नवा मागवला होता, पण रस्ता बर्फानं बंद. तोवर ते थेंब उघड्या नळातून जाऊ द्यायचे, एवढाच इलाज.

व्हॉल्व्हची ड्यूटी नायक सोपानची होती. तो केडगावचा, दौंड तालुका. मी लान्स नायक, शिरूर तालुक्यातल्या निमोण्याचा. मधे नुसती भीमा, म्हणजे तिथं आम्ही सख्खे शेजारीच. आमच्या वस्तीवर टँकर यायचा, त्यावरून तो मला छळायचा. "वर्सातनं आंघूळ कवा करता रं तुम्ही?"

एका संध्याकाळी सहाला मी लंगरवरून चाललो होतो. नळ टपकत होता. टपकत्या नळावरून लहानपणी आईचे धपाटे खाल्लेत मी. हात आपोआप गेला. नळ बंद केला आणि पुढं गेलो. जित्याची खोड, दुसरं काय.

सकाळी ६:४० ला कुक ओरडत आला. व्हॉल्व्ह उभा चिरला होता आणि टाकीचं पाणी खोलीत उसळत होतं. चाळीस माणसांची पोस्ट, टाकी एकच. तेव्हा मला कालचा नळ आठवला.

सुभेदार साहेब गरजले. "नळ कुणी बंद ठेवला? त्याची रजा रद्द."

माझी रजा चार दिवसांवर होती. घरी मुलगी झाली होती, दोन महिन्यांची. मी तिला पाहिलं नव्हतं. सोपाननं माझ्याकडं एकदा बघितलं. माझ्या चेहऱ्यावरूनच तो समजला असावा.

"साहेब, माझी चूक. उघडायचा राहिला."

"मग दुरुस्तही तूच कर."

"येस, साहेब."

मी भित्रा नव्हतो. गोळीबारात उभा राहिलोय. पण तिथं माझ्या तोंडातून ब्र निघाला नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

जनरेटर शेडमधला जुना व्हॉल्व्ह सोपाननं काढून आणला. मी टॉर्च धरून उभा. बाहेर उणे पंचवीस, आणि तो त्या पाण्याच्या माऱ्याखाली चिरलेला व्हॉल्व्ह सोडवत होता.

"सोपानदा, मी सांगतो साहेबांना."

"गप रं. आधी पोरगी बघून ये. पाना दे."

आट्यांवर सुतळी गुंडाळून त्यानं व्हॉल्व्ह बसवला. ७:३५ ला पाणी थांबलं. अर्धी टाकी वाचली. बाहेर आला तेव्हा त्याचे कपडे पापडासारखे कडक झाले होते.

संध्याकाळी त्याला धाप लागली. रात्रभर ऑक्सिजन लावला. सकाळी साहेब रेडिओवर बसले.

"कॅज्युअल्टी सीरियस. हेलिकॉप्टर कब? ओव्हर."

"मौसम खराब. वेट. ओव्हर."

११:४० ला सोपान गेला. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, एवढ्या उंचीवर फुफ्फुसात पाणी कुणालाही होतं. म्हणाला खरा.

हवा उघडल्यावर हेलिकॉप्टरनं मी रजेवर आलो. मुलगी पाहिली. पुढं दर डिसेंबरात केडगावला सोपानच्या आईकडं जायचो. तिला मी मावशी म्हणतो. चहा प्यायचो, परत यायचो. अशी बारा वर्षं गेली.

या डिसेंबरात तिचा फोन आला. "आंगणातल्या नळाचा कॉक नुसता फिरतुया. पानी थांबंना. ये की, बाबा."

शिरूरमधून नवा व्हॉल्व्ह घेतला आणि सकाळी नऊला पोचलो. अर्ध्या तासात काम झालं. मावशीनं चहा दिला.

"सोपान बी कामाला आसाच हुता. येकदाच इसरला, आन् गेला. सायबांनीच सांगितलं हुतं मला. रोज फोटूम्होरं त्येला बोलती मी. येक नळ ध्यानात ऱ्हायला न्हाई व्हय रं तुझ्या?"

मी कप खाली ठेवला.

"मावशी, तो विसरला नव्हता. नळ मी बंद केला होता."

सगळं सांगितलं. रजा, मुलगी, माझं गप्प राहणं. तिनं एकच विचारलं, "पोरगी केवढी हाय आता?"

"बारा वर्षांची."

ती उठून आत गेली. आता मला हाकलून देणार, असं वाटलं. आतून तिचा आवाज आला. "माज्या लेका, बारा वर्सं उगं बोलली रं मी तुला." मग ती रडली. मी अंगणात पाना हातात धरून उभा होतो. मलाही रडू आवरलं नाही.

बाहेर आली तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "जा आता. पुढल्या बारीला पोरीला घिऊन ये. ह्ये तिला सांग, सोपानच्या फोटूम्होरं. तुज्या तोंडानं."

येत्या रविवारी आम्ही जाणार आहोत. त्याआधी इथं लिहून ठेवतो. नायक सोपान, केडगाव, तालुका दौंड. त्या संध्याकाळी पाच वाजता त्यानं व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडा ठेवला होता. त्याची ड्यूटी चोख होती.