अर्धं बोट कमी

भरतीची तयारी करणाऱ्या पोरी ज्या अंगणात बसतात, तिथे किस्से गोळा करावे लागत नाहीत. झाडलेल्या अंगणात पुन्हा पाला पडावा तसे ते पडत राहतात. आमच्या चामोर्शीकडच्या गावात सातआठ पोरी पोलीस भरतीसाठी रोज सकाळी रोडवर धावतात. धावून आल्या की आमच्याच अंगणात पाय पसरून बसतात. मी चहा देते आणि ऐकते. मी शाळेत गेली नाही, पण एकदा ऐकलेलं माझ्याकडून सांडत नाही. आजचे किस्से माझ्या नातीचे, पिंकीचे, आणि एका गोळ्यांच्या डबीचे.

*

डबी आणली पिंकीच्या बापाने, माझ्या राजूने. तो घुग्घुसकडे कोळशाच्या खाणीत शिफ्टवर आहे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. रातपाळी करून खोलीवर आला की डोळे जळतात, पण झोप येत नाही. बरोबरच्या कोणीतरी ही मेलाटोनिनची गोळी सुचवली. राजूने मला समजावलं की अंधार पडला की माणसाच्या डोक्यात हा रस आपसूक तयार होतो आणि अंगाला सांगतो, आता झोप. शिफ्टवाल्याच्या अंगाला दिवस कोणता नि रात्र कोणती तेच कळत नाही, म्हणून तो रस बाहेरून घ्यायचा.

मी म्हटलं, "तुह्या बापानं जन्मभर धानाच्या बांधीत चिखल तुडवला. त्याले झोपासाठी गोळी नाई लागली, उठवासाठी माणूस लागे."

राजू म्हणाला, "माय, त्याच्या उशाशी ट्रक नव्हते चालत."

मी उठून त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. 

*

सुट्टी संपवून राजू गेला आणि डबी फळीवर विसरला. माझे गुडघे तेव्हा ठणकत होते, झोप तुटकतुटक. मी एके दिवशी दुपारी जेवण करून अर्धी गोळी घेतली. अंगणात लाखोळीची डाळ वाळत होती, ती राखायला बाजेवर बसली. बसली ती बसलीच.

जागी झाली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि शेजारच्या सात कोंबड्या डाळीत पोटं टेकून बसल्या होत्या. एकीला हाकललं तर ती दोन पावलं चालली आणि परत बसली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "बाई, गोळी तुम्ही खाल्ली का कोंबड्यायनं?"

तेव्हापासून मी त्या डबीला हात लावला नाही. लावला असता, उचलून चुलीत टाकली असती, तर पुढचं काही झालं नसतं.

*

पिंकी धावण्यात पहिली. गोळाफेकीत दुसरी. पण भरतीला लागणाऱ्या उंचीत अर्धं बोट कमी. या पोरींना तालीम देणारे फौजी भाऊ रिटायर जवान आहेत. त्यांनी शाळेच्या भिंतीवर टेप लावून मोजलं आणि टेप गुंडाळत म्हणाले, "आता भरतीच्या आठ दिवस आधी मोजू. रोज मोजून कोणी वाढत नाई."

त्या दिवसापासून पिंकी जांभळीच्या फांदीला लटकू लागली. लटकून हाताला फोड आले. मग तिने मोबाईलवर कुठेतरी ऐकलं की उंची वाढवणारा हार्मोन गाढ झोपेत सुटतो. ती डबी घेऊन माझ्यासमोर आली.

"आजी, झोप गाढ तर हार्मोन जास्त. हार्मोन जास्त तर उंची जास्त. हिशोब साधा हाये."

तिची मैत्रीण करिश्मा, अंगाने चांगली उंच, तिथेच बसून पायाला तेल चोळत होती. ती म्हणाली, "मंग आमच्या घरचा म्हातारा कुत्रा आतालोक घोडा व्हाले पायजे होता."

पिंकी हसली नाही. भरतीच्या वयाचं शेवटचं वर्ष तिला अजून लांब होतं, पण धीर संपत आला होता. त्या रात्रीपासून ती रोज एक गोळी घेऊ लागली.

*

रविवारी मी दवाखान्यातल्या सिस्टरबाईंकडे विचारायला गेली. त्यांनी पिंकीचं वय विचारलं. म्हटलं, एकोणीस पूर्ण.

सिस्टरबाई म्हणाल्या, झोपेत तो हार्मोन सुटतो हे खरं. लहान लेकरं झोपेतच वाढतात हेही खरं. पण हाडाची टोकं एकदा बंद झाली की तो कितीही सुटला तरी हाड लांब होत नाही. गोळीने झोप येईल, उंची येणार नाही. वर कोणाला न विचारता रोज घ्यायची ही वस्तू नव्हे, सकाळी डोकं जड राहतं.

मी म्हटलं, हे तुम्हीच येऊन तिला सांगा.

त्या म्हणाल्या, "आजीबाई, माझं ऐकून ती रडेल. तुमचं ऐकून ती समजेल."

मी घरी येईपर्यंत चार वेळा मनात वाक्य जुळवलं. पिंकी दारातच उभी होती. म्हणाली, "आजी, रेघ पाह्य ना."

आमच्या चौकटीवर कोळशाची रेघ होती. दर रविवारी ती पाठ टेकून उभी राहायची, मी तिच्या डोक्यावर कंगवा आडवा धरून नवी रेघ मारायची. त्या रविवारीही नवी रेघ जुन्या रेघेवरच पडली. सिस्टरबाईंचं बोलणं न सांगताच मी चूल पेटवायला गेली.

*

आता माझा गुन्हा सांगते.

पुढच्या रविवारी ती आंघोळीला गेली असताना मी ओल्या पदराने जुनी रेघ पुसली आणि थोडी खाली काढली. म्हटलं, एक दिवस तरी पोरगी पोटभर जेवेल.

ती आली, उभी राहिली, मी कंगवा धरला, रेघ मारली. वळून पाहिलं तर दोन रेघांमध्ये फट. पिंकीने त्या फटीवर बोट ठेवून पाहिलं. मग जेवायला बसली. तीन भाकरी खाल्ल्या.

आणि त्या दिवसापासून एकाच्या जागी दोन गोळ्या घेऊ लागली.

*

सकाळी ती उठेना. उठली तरी ब्रश तोंडात धरून भिंतीला टेकून झोपे. फौजी भाऊंनी दोनदा तिला रांगेतून बाहेर काढलं. ती म्हणे, उंची झाली की धावणं काय, महिनाभरात होते.

आमच्या रोडने लोखंडाच्या दगडाचे लाल ट्रक जातात. एका सकाळी पोरी एका कडेने धावत होत्या आणि पिंकी शेवटी. मी दूध घेऊन पुलाजवळ आली होती. पाहते तर पोरगी धावता धावता सरकत सरकत रोडच्या मधात. डोळे उघडे होते, पण समोरचं दिसत नव्हतं. मागून ट्रक. मी ओरडली, माझा आवाज हॉर्नमध्ये गेला. करिश्मा मागे वळली आणि तिने पिंकीची वेणी धरून तिला ओढलं. दोघी नालीत पडल्या. ट्रक पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. तो चाकाजवळ बसून राहिला.

करिश्मा नालीतूनच म्हणाली, "वेणी कापू नको वं. बाकी काही कर."

पोरी हसल्या. माझ्या हातातली दुधाची बरणी केव्हा रिकामी झाली ते मला कळलं नाही.

*

घरी आल्यावर पिंकीच्या कोपरावर हळद लावता लावता मी सांगून टाकलं.

"पिंके, रेघ मी खाली केली व्हती."

तिने हात काढून घेतला नाही. "कोणती?"

"जुनी. तू तेवढीच हायेस."

मग सिस्टरबाई काय बोलल्या तेही सांगितलं. हाडाची टोकं, हार्मोन, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आख्ख्या गावानं मले बुटकी म्हटलं, आजी. खोटं फक्त तू बोलली."

तिने उठून डबी आणली आणि माझ्या ओटीत टाकली. अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी रोडवर सगळ्यात आधी तीच होती.

आठ दिवस उरले तेव्हा फौजी भाऊंनी मोजलं. अर्धं बोट कमी ते कमीच. ते म्हणाले, "घरी बसली तर नक्की कमी. मैदानावर गेली तर पाहू."

*

आता भरतीचा दिवस. आमच्याकडे उंचीत काठावर असलेली पोरं मैदानापर्यंत आडवी जातात. रात्रभर आडवा पडलेला माणूस सकाळी थोडासा लांब असतो, उभा राहिला की दिवसभरात दबतो, हे फौजी भाऊंनी शिकवलेलं. म्हणून पिकअप गाडीत गादी टाकली आणि पिंकीला बाजेवरून उचलून सरळ गादीवर ठेवलं. करिश्माला गरज नव्हती, तरी तीही सोबतीला आडवी झाली. मी डोक्याशी बसली. गोळी नव्हती, झोपही नव्हती. पिंकी उघड्या डोळ्यांनी आभाळ पाहत होती.

वाटेत गाडी चहाच्या टपरीवर थांबली. एका म्हाताऱ्याने आत डोकावून हळूच विचारलं, "अॅक्सिडेंट?"

मी म्हटलं, "भरती."

"असं काय," म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

मैदानावर मला तारेच्या बाहेर थांबवलं. आत मोजणारी मॅडम होती. जी पोरगी पास झाली ती डावीकडे, धावण्याच्या ट्रॅककडे जायची. नापास झाली ती पिशवी घेऊन आमच्या बाजूच्या फाटकातून बाहेर. करिश्मा डावीकडे गेली. तिच्यामागच्या तिघी बाहेर आल्या.

पिंकी टाचा टेकून उभी राहिली. मॅडमने आडवी पट्टी खाली आणली. पाहिलं. दुसऱ्या मॅडमला बोलावलं. पिंकीला उतरवलं, परत उभं केलं. परत पट्टी. माझ्या शेजारच्या बाईने विचारलं, तुमची का. मी तारेला धरून टाचा वर केल्या. तिसऱ्यांदा उतरवलं, तिसऱ्यांदा उभं केलं. मॅडम तिच्या कानाशी काहीतरी बोलली. मग कागदावर लिहिलं.

पिंकी डावीकडे वळली.

ट्रॅककडे जाणारी वाट तारेला लागूनच होती. ती जवळ आली. खांदे वर, मान ताठ, चेहरा लाल. अकरा दिवसांनी पहिल्यांदा मी तिला विचारलं, "काय म्हणे वं मॅडम?"

ती थांबली नाही. चालता चालता दात आवळूनच बोलली.

"म्हणे, लांब श्वास घे. घेतला. अजून सोडला नाई."