पाच वर्षं नकोत, तीन पुरेत

आता हसायचं नाही हं, आधीच बजावून ठेवते. माझ्या तोंडाने मी घोळ घातलाय, आणि तो एकटीला भोवला असता तर एक वेळ चाललं असतं.

मी एडिनबरात मलेरियाच्या डासांवर रिसर्च करते. आफ्रिकेत मच्छरदाण्यांना जे औषध लावतात, त्याला डास आता जुमानत नाहीत मेले! म्हणून नव्या औषधाची मच्छरदाणी टांझानियातल्या खेड्यांत वापरून बघायची. तिथलं काम माझी मैत्रीण नीमा सांभाळते.

ग्रँटचा इंटरव्ह्यू होता. मी समोर, नीमा स्क्रीनवर. नियमाप्रमाणे तीन वर्षांचेच पैसे मागता येत होते, तेवढे आम्ही मागितलेले. शेवटी चेअरबाई गोड हसून म्हणाल्या, "तुमचं काम आम्हाला फार आवडलंय. पाच वर्षांचे देऊ का?"

तुम्हीच सांगा, कुणी वाढायला आलं की आपण काय म्हणतो? पहिल्यांदा नको. दुसऱ्यांदा ताटावर आडवा हात. तिसऱ्यांदा 'बरं, अर्धी घाला'. पहिल्या हाकेला हो म्हणणारा तो हावरट, हे आईने डोक्यात पक्कं बसवलेलं.

"नको नको, कशाला? तीन पुरेत," मी म्हटलं. वर हातही आडवा धरला!

आणि लाजून हसत आग्रहाची वाट बघत बसले.

बाई म्हणाल्या, "लव्हली." आणि पुढच्या मुद्द्यावर गेल्या.

अहो, असं असतं का कुठे? एकदा तरी 'घ्या हो' म्हणावं की नाही माणसाने! स्क्रीनवर नीमा थिजली होती. मला वाटलं, वायफाय अडकलं. वायफाय उत्तम चालू होतं.

बाहेर येऊन रडतरडत तिला फोन लावला, आमच्याकडची पद्धत समजावून सांगितली. तर म्हणाली, तिच्याकडेही तीच पद्धत आहे.

"पण तू तिथे इतकी वर्षं राहतेस," ती म्हणाली. "मला वाटलं, त्यांची पद्धत तुला ठाऊक असेल." मग हळूच म्हणाली, "मच्छरदाणी टिकते की नाही, ते चौथ्या-पाचव्या पावसाळ्यातच कळतं गं."

जीभ हासडून द्यावीशी वाटली. नव्या मच्छरदाणीखाली निजणारी तिथली पोरं डोळ्यांसमोरून हलेनात.

दुसऱ्या दिवशी लाज सोडून बाईंना ईमेल केला. उत्तर आलं, की माझ्या साधेपणाने सगळे भारावून गेलेत, आणि उरलेले पैसे कॉलिनला दिलेत. कॉलिन म्हणजे शेजारच्या लॅबमधला. त्यालाही हेच विचारलं होतं. तो म्हणे वाक्य पुरं व्हायच्या आतच 'यस प्लीज' म्हणाला.

शुक्रवारी त्याने सगळ्यांसाठी चॉकलेट केक आणला. दुःखात दोन दिवस मी धड जेवले नव्हते. पहिला तुकडा कधी संपला कळलंही नाही. मनाशी ठरवलं, बाई गं, आता तरी शहाणी हो. तेवढ्यात कॉलिन डबा घेऊन माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "अजून एक देऊ?"

"नको नको," मी म्हटलं, "पुरे."

हात आडवाच होता, तोवर त्याने डबा बंदही केला.