कुंकवाचा अंगठा

गावात पंचायतीचा टीव्ही आला, त्या सालची कापसाची पयली वेचणी. धुकं असं पडलं होतं की वावर कुठं सरते अन् आभाळ कुठं लागते, कळत नोतं. आमी सात बाया धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसलो. पयल्या वेचणीले आमी सात दगडं मांडतो, कुंकू लावतो, दहीभात वाहतो, मंगच कापसाले हात लावतो.

तेवढ्यात शाळेची मास्तरीण कागद घेऊन आली. म्हणे, "परदेशात एका बाईले दगडं मारून मारनार हायेत. तिथल्या धर्माच्या कोर्टानं सांगतलं. नवऱ्याले सोडून दुसऱ्याजवळ राह्यली, एवढाच गुन्हा. तिथल्या राजाले अर्ज धाडून राह्यलो. अंगठे द्या."

आमच्या टोळीची मुकादमीण हासली. "मास्तरीणबाई, माहा नवरा मले रोज हाणते. त्याचा कागद काऊन नाई आणला जी?"

"तोही आणीन. आधी हिचा जीव वाचू दे."

बाया हासल्या. मी नाई हासली. सोळा वर्साची असतानी मी सासरून पळून आलती. जातीच्या पंचानं मले डोक्शावर दगड देऊन उनात उभं केलं. देवाचा हुकूम हाय म्हणे. सारं गाव होतं तिथं. उतरवा, असं कोणी म्हनलं नाई.

मी अंगठा पुढं केला. शाईची डबी वाळून गेलती. मंग मी दगडावरच्या ओल्या कुंकवात अंगठा बुडवला अन् कागदावर ठेवला. माह्यामागं साऱ्याजणींनी. मुकादमीणीनं तं लईच दाबून.

कागद गेला अन् मले धाक पडला. तिकडचा धर्म येगळा. कुंकू पाहून राजा चिडला तं? माह्याच अंगठ्यानं बाई मरन. मुकादमीणीले सांगतलं तं ती म्हणे, "आता जाय मंग, पुसून ये."

हिवाळाभर ती परदेशातली बाई मले वावरात दिसे. बाजूच्या ओळीत, धुक्यात. चेहरा नाई, नुसते हात, बोंडातून कापूस ओढनारे. मी तोंड उघडलं का ती नाई. तिची ओळ मी न वेचता सोडून देत होती. मालक वरडे, "काय वं, हा कापूस कोणासाठी ठेवला?"

वेचणी सरल्यावर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटताना मास्तरीण आली. मी उपटलेली पऱ्हाटी खाली ठेवली.

"दगड मारनं थांबलं," ती म्हणे. "लई देशातून कागद गेलते. जेलात हाय, पण जित्ती हाय."

"अन् कुंकू?"

"कुंकवाचं कोणी काई नाई म्हनलं, माय."

"लेकरं हायेत काय तिले?"

ते मास्तरीणीले ठाऊक नोतं.

मंग ती बाई वावरात आली नाई. दुसऱ्या साली तिची ओळ मीच वेचली.